एकशे सतरा नंबरचा ताप

"एकशे सतरा नंबर आजही अडतीस पॉइंट सहा," मी म्हणाले.

पोतनीस सरांनी चहाचा कप हातात तसाच धरून खुर्ची माझ्या टेबलाकडे ओढली. "किती दिवस झाले?"

"नऊ."

"नाडी?"

"साठच्या आसपास."

"एवढा ताप आणि नाडी साठ," सर स्वतःशीच म्हणाले. "झोप?"

"तीन तास. तीही तुकड्यातुकड्यांनी. आणि सर, काल पुन्हा अठरा हजार पावलं."

सरांनी कप खाली ठेवला. "नऊ दिवस ताप उतरत नाही, झोप लागत नाही, आणि ही बाई रोज अठरा हजार पावलं चालते. प्रणोती, हे पुस्तकात नाही."

त्यांच्या आवाजात काळजी होती, पण खरं सांगायचं तर आनंदही होता. वहीच्या मागच्या पानावर त्यांनी 'मोरणगाव ज्वर' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या, ते मी पाहिलं.

ही २०१९च्या ऑक्टोबरातली गोष्ट. मी संख्याशास्त्रात एम. एस्सी. करून पुण्याच्या एका संस्थेत लागले होते आणि संस्थेने मला मोरणगावला पाठवलं होतं. गाव नऊ हजार वस्तीचं. ग्रामपंचायतीच्या वरच्या खोलीत आमचं ऑफिस. गावातल्या तीनशे माणसांच्या मनगटावर आम्ही घड्याळासारखे पट्टे बांधले होते. पट्टा अंगाचा ताप, नाडी, झोप आणि पावलं मोजायचा, घरातल्या फोनला कळवायचा आणि फोन आम्हाला. साथ आली तर माणूस दवाखान्यात जाण्याच्या चार दिवस आधी आम्हाला कळणार, अशी पोतनीस सरांची कल्पना होती. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर गावाचा नकाशा असायचा. ताप असलेला भाग लाल, नसलेला हिरवा. एका भागात पाच पट्टे तापले की संस्थेचा फिरता दवाखाना, म्हणजे डॉक्टर आणि तपासणीचं सामान असलेली गाडी, तिकडे निघणार. चार तापले तर नाही. सर याबाबतीत फार कडक होते.

लोक त्या पट्ट्याला घड्याळच म्हणायचे, आणि थोड्या दिवसांनी आम्हीही म्हणायला लागलो.

"तिला फोन लावलास?" सरांनी विचारलं.

"रोज लावते. बायाक्का गुरव नाव आहे, फोन मुलाच्या नावावर आहे. कोणी उचलत नाही."

"चल मग. जाऊन बघू."

मास्क, हातमोजे, रक्ताच्या नळ्या घेऊन आम्ही जिना उतरलो. खाली रत्नमालाताई भंडारे उभ्या होत्या. त्या गावच्या आशाताई, म्हणजे घरोघर जाऊन आजारपण विचारणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या. पन्नाशीच्या, बारीक, खांद्याला कायम खाकी पिशवी.

"सर, खाणीवर ताप आहे," त्या म्हणाल्या. "आज अकरा माणसं झोपून आहेत. काल सात होती."

गावाबाहेर दोन किलोमीटरवर दगडाची खाण होती आणि तिथे दगड फोडणाऱ्यांची साठेक झोपड्यांची वस्ती.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "पडद्यावर काय आहे खाणीचं?"

"हिरवं आहे, सर."

"हिरवं आहे, ताई," सर समजावणीच्या सुरात म्हणाले. "हवा बदलली की एखाददुसऱ्याला कणकण येतेच. आपलं लक्ष आहे."

रत्नमालाताईंनी पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला. "अकरा जण आहेत, सर," एवढंच त्या पुन्हा म्हणाल्या. सर तोवर गाडीत बसले होते. मीही बसले. तो मंगळवार होता.

बायाक्काचं घर गावाच्या टोकाला होतं. साठीची ठणठणीत बाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. आमचे मास्क आणि निळे हातमोजे बघून ती उठली नाही, पण पदर मात्र डोक्यावर घेतला.

"बायाक्का, ताप कसा आहे?" सरांनी लांबूनच विचारलं.

"कुणाला?"

"तुम्हाला."

"मला कशाचा ताप? हे ऊन हाय तेवढंच."

सरांनी थर्मामीटर तिच्या कपाळासमोर धरला. छत्तीस पॉइंट पाच. सरांनी तो झटकला, पुन्हा धरला. तेवढाच.

"घड्याळ कुठे आहे तुमचं?"

"ते व्हय," बायाक्का म्हणाली. "ते राजमतीला घातलंय."

सरांचे डोळे चमकले. म्हणजे रुग्ण दुसरीच होती. मी वहीत नाव लिहिलं, राजमती. "कोण तुमची? सून का?"

"सून कशाला. दुसऱ्या येताची हाय. अंगावर हाय आता."

"गरोदर आहे," सर मला हळूच म्हणाले. "गरोदरपण आणि नऊ दिवसांचा ताप. कुठे आहे ती?"

"मागं बांधलीया."

सर थबकले. "बांधलीय?"

"मग काय मोकळी सोडू? गावभर हिंडंल."

सरांनी मास्क नीट केला आणि घराला वळसा घालून ते मागे गेले. बहुतेक तिथे साखळीने बांधलेली एखादी वेडी झालेली सून असणार आणि आपल्याला पोलिसांना बोलवावं लागणार, असं माझ्या मनात आलं होतं. गोठ्यात एक काळीभोर म्हैस रवंथ करत उभी होती. तिच्या शेपटीच्या मुळाशी, सुतळीची दोन वेढी देऊन, एकशे सतरा नंबरचं घड्याळ बांधलेलं होतं. शेजारी खुंटीवर मुलाचा फोन चार्जिंगला लावलेला. राजमतीने एक माशी हाकलली आणि फोनवर तीन पावलं वाढली.

सरांनी मास्क काढून खिशात ठेवला.

"म्हशीचं तापमान साधारण अडतीस सहाच असतं, सर," मी फोनवर शोधून सांगितलं. "नाडीही साठच. झोपही तीनच तास घेते. सगळं नॉर्मल आहे."

"बायाक्का," सर म्हणाले, "हे घड्याळ तुमच्यासाठी होतं."

"ठाव हाय की. पर तुमीच म्हणला न्हवं सभेत, ज्याला घड्याळ त्याला काय झालं तर डागदर घरी येणार? मला काय झालं तर मी तोंडानं सांगीन. हिला कुठं बोलता येतंय? मागल्या येताला अशीच तापली आन् आमाला कळंस्तवर रेडकू गेलं." तिने म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. "आला की न्हाई डागदर? मग. घड्याळ झ्याक हाय तुमचं."

निघताना बायाक्काने सरांच्या हातात ओंजळभर शेंगा दिल्या आणि त्यांनी त्या निळ्या हातमोज्यांतच घेतल्या.

गाडीत ते म्हणाले, "पुढच्या सोमवारी पाहुणे येतायत. मदत पुढे चालू ठेवायची की नाही ते ठरवणारी माणसं. तोवर मला सगळी तीनशे घड्याळं कुणाच्या अंगावर आहेत ते कळलं पाहिजे. माणसांच्या."

ते पुण्याला गेले आणि मी दुसऱ्या दिवसापासून घरोघर हिंडायला लागले.

आता घड्याळं वाटली कशी ते सांगते, कारण त्यात माझाच हात होता. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही सूचना टाकली होती, की ज्याच्याकडे मोठा फोन आहे त्याने ॲपवर नाव नोंदवावं, पहिल्या तीनशेंना घड्याळ मिळेल. चाळीस मिनिटांत तीनशे नावं आली. पेठेतले दुकानदार, शिक्षक कॉलनी, व्यायामशाळेतली मुलं, सरपंचांचे पाहुणे. संस्थेच्या फॉर्मवर एक ओळ होती, 'निवडलेला नमुना संपूर्ण गावाचे प्रतिनिधित्व करतो'. त्याखाली संख्याशास्त्रज्ञ म्हणून मी सही केली होती. पेन टेकवण्याआधी मी ती ओळ दोनदा वाचली होती. पण चाळीस मिनिटांत लक्ष्य पूर्ण झालं म्हणून पुण्याहून अभिनंदनाचा फोन आला, आणि मी ते विसरले.

शिवाय सर्वांत जास्त पावलं चालणाऱ्याला महिन्याला एक प्रेशर कुकर बक्षीस होता. ही कल्पना सरांची. लोकांनी घड्याळ सतत घालावं म्हणून.

पिठाच्या गिरणीत गेले तर गिरणीवाला जाडजूड माणूस स्टुलावर बसलेला आणि त्याचं घड्याळ पिठाच्या हलत्या चाळणीला बांधलेलं. गेल्या महिन्यात तो नव्वद हजार पावलं चाललेला होता, एका दिवसात. आम्ही त्याला कुकर दिला होता. सरपंचांच्या भाच्याने आपलं घड्याळ बाळाच्या पाळण्याला लावलं होतं आणि बाळाला झोप येवो न येवो, पाळणा दिवसभर हलत होता. कापड दुकानदाराला सरकारी माणसं घरी येण्याची भीती वाटायची. ताप दिसला तर येतील म्हणून त्याने घड्याळ फ्रीजमध्ये ठेवलं होतं, लोण्याच्या डब्याशेजारी. आमच्या नोंदीप्रमाणे तो गेले तेवीस दिवस आठ अंश तापमानाला, शून्य नाडीवर, शांतपणे जगत होता.

"सर, आपल्याला हे कळलं कसं नाही?" मी रात्रीच्या जेवणाआधी फोन करून विचारलं.

"आपण गरम झाल्याची सूचना लावली होती," ते म्हणाले. "गार झाल्याची लावलीच नव्हती."

शिंत्रे गुरुजींकडून मला फार आशा होत्या. निवृत्त मुख्याध्यापक, वय एकाहत्तर, सकाळी फिरायला जाणारे, ॲपवर पहिलं नाव त्यांचं. सोमवारच्या कार्यक्रमात 'आदर्श सहभागी' म्हणून त्यांचा सत्कार ठरला होता. गुरुजींनी अभिमानाने दोन्ही मनगटं दाखवली. दोन्हींवर घड्याळं.

"हे दुसरं कुणाचं?"

"सौभाग्यवतींचं. तिला भाकरी थापताना टोचतं. मी म्हटलं, वाया कशाला घालवायचं. दोघांचाही व्यायाम मीच करतो."

काकू आतून म्हणाल्या, "त्यांनी माझं घातल्यापासून माझी नाडी सुधारलीय म्हणे. तुमच्या कागदावर आलं होतं."

शनिवारपर्यंत मी तीनशेपैकी दोनशे साठ घड्याळांपर्यंत पोचले. त्यातली एकशे एकोणीस नेमलेल्या माणसाच्या अंगावर होती. जी नीट घातली जात नव्हती ती मी परत घेत गेले. माझ्या पिशवीत खडखडाट व्हायला लागला.

शनिवारी दुपारी रत्नमालाताई मला एस.टी. स्टँडच्या कोपऱ्यावर भेटल्या.

"झाली का मोजून घड्याळं?"

"होतायत."

"खाणीवरची मोजली?"

मी यादी काढली. खालपासून वरपर्यंत बघितली, मग पुन्हा वरपासून खालपर्यंत. खाणीवर एकही घड्याळ नव्हतं. तिथे मोठा फोनच कुणाकडे नव्हता. ग्रुपवर कुणी नव्हतं. एकही घड्याळ नाही म्हणून एकही ताप नाही, आणि एकही ताप नाही म्हणून हिरवं. मी रोज सकाळी ऑफिस उघडून तो हिरवा चौकोन बघत होते आणि बरं वाटून घेत होते.

"किती आहेत आता?" मी विचारलं.

"चला की."

आम्ही त्यांच्या स्कूटीवरून गेलो. वस्तीत दगडाचा आवाज नव्हता. एवढ्या माणसांच्या वस्तीत दुपारी तीन वाजता हातोडीचा एकही घाव पडत नव्हता, हे मला आधी कळलं, बाकीचं नंतर. पाणी टँकरचं, आठवड्यातून एकदा येणारं. प्रत्येक झोपडीपुढे उघडी पिंपं आणि पिंपांत वळवळणाऱ्या अळ्या. झोपड्यांतून माणसं आडवी पडलेली. रत्नमालाताईंच्या वहीत रोजची नावं होती, शाईच्या पेनने, सरळ ओळीत. त्या दिवशीचा आकडा एकेचाळीस.

"तुम्ही आरोग्य केंद्रात कळवलं?"

"दोनदा. आमचे डॉक्टर ट्रेनिंगला गेलेत. बाकीचे म्हणतात, पुण्याचं मशीन बसलंय की गावात, त्याला दिसेलच."

मी तिथूनच सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते, हे मला आजही म्हणायचं आहे. पण ते दमलेले होते आणि घाबरलेले होते.

"कार्यक्रम होऊ दे, प्रणोती. गाडी सोमवारी पाहुण्यांसमोर उभी करायची आहे. मग ती कोल्हापूरला जाणार. गुरुवारी परत आली की पाठवू."

"गुरुवार फार लांब आहे, सर."

"नियम आपणच केलाय. पाच घड्याळं लाल झाल्याशिवाय गाडी हलवली, तर मग घड्याळांचा उपयोग काय, असं कुणीही विचारेल."

मी फोन ठेवला. रत्नमालाताईंनी माझ्या खडखडणाऱ्या पिशवीकडे पाहिलं. मीही पाहिलं. कुणाच्या डोक्यात आधी आलं ते आम्ही दोघी अजूनही ठरवू शकलेलो नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता आम्ही खाणीवर होतो. पिशवीत सात घड्याळं. चाळणीचं, पाळण्याचं, फ्रीजमधलं, बुधवारीच बायाक्काकडून आणलेलं राजमतीचं. शिंत्रे गुरुजींची दोन्ही मी पुसून, चार्ज करून देते असं सांगून आदल्या दिवशी नेली होती. सातवं एका व्यायामशाळेतल्या मुलाचं, ज्याने ते कुत्र्याला घातलं होतं. रत्नमालाताई हात लावून तापलेलं कपाळ निवडायच्या आणि मी घड्याळ बांधायचे. संख्याशास्त्रात याला काय म्हणतात ते मला पक्कं ठाऊक होतं. मुद्दाम आजारीच माणसं निवडून नमुना घेणं, याबद्दल आमच्या प्राध्यापकांनी मला वर्गाबाहेर काढलं असतं. शेवटच्या झोपडीत एक तरुण बाई भिंतीला टेकून बसली होती. तिचा हात इतका गरम होता की पट्ट्याचं रबर माझ्या बोटांना कोमट लागलं. तिला मी गुरुजींचं घड्याळ बांधलं.

सातही घड्याळं मी माझ्या फोनला जोडली. नवी जोडणी सलग तीन तास टिकली तरच नकाशा ती धरायचा. फोन तिथेच राहायला हवा होता, म्हणजे नकाशावर खाण दिसणार. पण वस्तीत रेंज नव्हती. रेंज होती ती फक्त दगडांच्या ढिगाच्या टोकावर.

"द्या इकडं," रत्नमालाताई म्हणाल्या. पदर खोचून त्या ढिगावर चढल्या आणि माझा फोन हात वर करून धरला. "जावा तुम्ही. मी हलत नाही."

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये दीडशे माणसं होती. पाहुणे तिघे, पुढच्या सोफ्यावर. बाहेर फिरता दवाखाना धुऊनपुसून उभा, डॉक्टर आत बसलेले. पहिल्या रांगेत शिंत्रे गुरुजी शाल पांघरून बसले होते, रिकाम्या मनगटांवर रुमाल टाकून. मागे बायाक्काही आली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

सरांनी पडदा चालू केला. गाव हिरवंगार होतं. सर साथीबद्दल बोलले, विज्ञानाबद्दल बोलले, चार दिवस आधी कळण्याबद्दल बोलले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. अकरा वाजून दहा मिनिटांनी नकाशाच्या कडेला खाणीच्या जागी एक लाल ठिपका उमटला. मग दुसरा. मग एकदम पाच. तो चौकोन लाल झाला आणि पडद्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तो आवाज आम्ही त्याआधी कधी ऐकलाच नव्हता. सरांनाही तो माहीत नसावा, कारण त्यांनी आधी माइककडे बघितलं.

मुख्य पाहुणे पुढे झुकले. "म्हणजे हे आत्ता घडतंय?"

"आत्ता," सर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "हेच मी म्हणत होतो. हे बघा, सात जण. सर्वांत जास्त ताप एकोणचाळीस पॉइंट आठ."

"कोण आहे हा रुग्ण?"

सरांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं. शिंत्रे गुरुजी, वय एकाहत्तर.

दीडशे माना पहिल्या रांगेकडे वळल्या. गुरुजी सावकाश उभे राहिले.

"मी इथे आहे," ते म्हणाले.

"तुम्हाला ताप आहे?" पाहुण्यांनी विचारलं.

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "मला तरी जाणवत नाही. पण मशीन म्हणत असेल तर..." आणि ते खाली बसले. काकूंनी घाईने त्यांची शाल सोडली. कुणीतरी पाणी आणलं. गुरुजींचा चेहरा खरंच उतरायला लागला होता.

सरांनी गोंधळून दुसऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. कापड दुकानदार, जो तिसऱ्या रांगेत पेढा खात होता. त्याने पेढा तोंडातून काढून हातात धरला. तिसरा, गिरणीवाला. तो दारात उभा होता आणि घाबरून बाहेर गेला. चौथा ठिपका, बायाक्का गुरव.

"मी हितं हाय," बायाक्का मागून मोठ्याने म्हणाली. "आन् राजमतीबी घरीच हाय. सकाळी धार काढून आलिया."

"राजमती कोण?" पाहुण्यांनी विचारलं.

सर पडद्याकडे पाठ करून वळले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाचसहा सेकंदच असतील. मी नजर खाली घातली नाही. ती माझी नोकरीतली पहिलीच जागा होती आणि ती मी त्या क्षणी मनातल्या मनात सोडून दिली होती. सरांना सगळं कळलं. घड्याळं कुठे आहेत, कुणी नेली, का नेली. एका वाक्यात ते सगळं मोडीत काढू शकले असते. तांत्रिक बिघाड म्हणाले असते, तर लोकांनी टाळ्या वाजवून जेवायला सुरुवात केली असती.

"पण गाडी जाणार ना?" पाहुणे म्हणाले. "तुमच्या नियमाप्रमाणे पाच झाले की जाते."

सरांनी माइक टेबलावर ठेवला. "जाणार," ते म्हणाले. "मीही जातोय."

गाडीतून मी आणि सर शेजारीशेजारी बसून गेलो. खाणीच्या वळणावर लांबूनच दगडांच्या ढिगावर एक बारीक बाई हात वर करून उभी असलेली दिसली. साडेतीन तास झाले होते. तिने हात बदलला होता की नाही मला माहीत नाही.

त्या दिवशी त्रेचाळीस माणसांचं रक्त तपासलं. एकोणीस जणांना डेंग्यू निघाला. सहा जणांना लगेच जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवावं लागलं. सरांनी कोट काढला आणि संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या पोरांच्या बरोबरीने पिंपं पालथी केली. कोल्हापूरला गाडी गेली नाही. पाहुणे बुधवारपर्यंत राहिले, आणि त्यातल्या एकाने सरांना विचारलं, की तुमच्या या आशाताई मशीनच्या किती दिवस आधी सांगत होत्या. सरांनी मान खाली घालून सांगितलं, सहा.

आम्ही म्हशीच्या गोठ्यात होतो त्या मंगळवारी दुपारी वस्तीतला एक म्हातारा गेला होता. रत्नमालाताईंच्या वहीत त्याचं नाव होतं. त्यांनी ते मला दाखवलं.

माझी नोकरी गेली नाही. सरांनी मला केबिनमध्ये बोलावून एवढंच सांगितलं, की फॉर्मवरची ती सही खोडून नवा अहवाल तूच लिही, आणि त्यात म्हशीसकट सगळं येऊ दे. मी लिहिला.

दवाखान्यातून पाच जण आठवड्याभरात परतले. गुरुजींचं घड्याळ बांधलेली बाई अकरा दिवसांनी आली. तिच्या रक्तातल्या पेशी फारच खाली गेल्या होत्या. ती परतल्याचं कळलं तेव्हा मी घड्याळ घ्यायला खाणीवर गेले. ती झोपडीच्या दारात बसून तांदूळ निवडत होती. अंग सुकलं होतं, पण डोळे हसरे होते. तिने मला ओळखलं, पदराच्या गाठीतून घड्याळ काढून दिलं, आणि त्याबरोबर दवाखान्याचा घडी घातलेला कागद.

मी कागद उघडला. त्यावर लिहिलं होतं, गुरुजी शिंत्रे, स्त्री, वय ७१.

गाडीतल्या यंत्राने घड्याळाचा नंबर वाचून नाव आणि वय छापलं होतं; 'स्त्री' एवढंच कुणीतरी हाताने भरलं होतं आणि घाईत बाकीचं बघितलं नव्हतं.

"अकरा दिवस तुम्ही याच नावावर होता?" मी विचारलं.

"व्हय. नर्सबाई रोज सकाळी यायच्या आन् म्हणायच्या, काय गुरुजी, कसं वाटतंय? शेजारच्या खाटेवरची म्हातारी माझ्याकडनं कागद वाचून घ्यायला बघायची. एक डागदर म्हणला, आजी, एकाहत्तरीच्या मानानं अंग चांगलं ठेवलंय." ती हसली आणि हसताना तिला खोकला आला.

"पण तुम्ही सांगितलं का नाही, की हे माझं नाव नाही म्हणून?"

ती तांदळातला खडा शोधत राहिली. "पहिल्या दिवशी सांगणारच व्हते. पर त्या बाईनं बाटली लावायच्या आधी कागद बघितला, नाव वाचलं, मग सुई टोचली. मला वाटलं, बाटली त्या नावाची हाय. न्हाई म्हणलं तर काढून नेतील."

मी तो कागद हातात धरून बसले. त्या सकाळी मी तिचं मनगट धरलं होतं, ताप बघितला होता, घड्याळाचा नंबर लिहून घेतला होता. एकोणचाळीस पॉइंट आठ हा तिचा आकडा मला पाठ होता.

मी पेन काढलं. "तुमचं नाव काय?"

"सोनव्वा," ती म्हणाली. मग वाकून कागदाकडे बघितलं आणि त्यातल्या एका शब्दावर बरोबर बोट ठेवलं, बहुतेक अकरा दिवस तो बघून बघून ओळखीचा झाला असावा. "आन् हे गुरुजी तेवढं खोडा, ताई. मी शाळेत गेलेली न्हाई."